एकोणिसाचा पाढा

भागाकाराचं गणित अर्ध्यावर सोडून बाई खुर्चीत बसल्या. तिसरीच्या वर्गाने असं कधी पाहिलं नव्हतं. बाई उभ्यानेच शिकवायच्या. खुर्ची ही त्यांच्या पर्सची जागा होती.

बसल्या, आणि लगेच उठल्या. बसल्यावर तर जास्तच लागत होती.

डॉक्टरांनी कालच ब्लडप्रेशरची गोळी बदलली होती. "लघवीला जरा जास्त होईल हं," म्हणाले होते. जरा! मधल्या सुट्टीत बाई दोनदा जाऊन आल्या होत्या, आणि तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच पुन्हा हे. वर फळ्याच्या डोक्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरातला कागद: 'तास चालू असताना एकीला सोडले जाणार नाही. मधल्या सुट्टीत जाऊन यावे.' बावीस वर्षांत कागद तीनदा पिवळा पडला, तीनदा नवा लिहिला. शब्द एकही बदलला नाही. कुणी करंगळी वर केलीच, तर बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "मनावर ताबा ठेवला की धरवतं."

आता ठेवा ताबा!

पोरांना बाकावर दाबून बसवायचं आणि आपण कुठल्या तोंडाने उठून जायचं? बाईंनी दारापर्यंत दोन चकरा मारल्या. खडू उचलला, ठेवला. एक पाय आपोआप हलू लागला. इथे, या एवढ्या पोरांसमोर, काही भलतंच झालं तर? नुसत्या विचारानेच काम आणखी बिघडलं.

"खालची पाच गणितं सोडवा. एकही मान वर दिसता कामा नये."

सगळ्या माना खाली गेल्या. एक तेवढी लगेच वर आली. पहिल्या बाकावरची पिटुकली. वर्गात सगळ्यात लहानखुरी म्हणून पिटुकली. खरं नाव फक्त हजेरीला निघायचं. ती उठून सरळ बाईंपाशी आली आणि 'खाली या' अशी हाताने खूण केली. बाई वाकल्या. वाकणंसुद्धा संकट होतं.

"बाई, एकोणिसाचा पाढा म्हणा," पिटुकली त्यांच्या कानात कुजबुजली.

"काय?"

"मनात म्हणा, मोठ्याने नाही. एकोणिसाचा अवघड आहे ना, सगळं लक्ष त्यातच जातं. मग लागलेली कळत नाही."

बाईंचे कान तापले. "मला काही... तुला गं कुणी सांगितलं?"

"तुमचा पाय. मी पण तस्साच हलवते."

बाईंना खरं तर रागवायचं होतं. पण तोंडातून निघालं, "कधी गं?"

"रोज." एखाद्या मोठ्या माणसाने लहानाला समजवावं तसं पिटुकली सांगू लागली. "मधल्या सुट्टीत मोठ्या मुली पुढे घुसतात. माझा नंबर येतो आणि बेल होते. मग मी तुमच्या तासाला पाढे म्हणते. आधी पंधरापर्यंत पुरायचे. आता तेवीसपर्यंत जावं लागतं."

तेवीस! तिसरीला पंधरापर्यंत आले तरी खूप झालं. हीच पोर पंधरा दिवसांपूर्वी सगळ्या शाळेसमोर उभी राहून तेविसाचा पाढा घडाघडा म्हणाली होती. मुख्याध्यापिकांनी विचारलं होतं, "कसं जमवलंत हो हे?" आणि बाईंनी मान ताठ करून सांगितलं होतं, "शिस्त!"

बाईंना भडभडून आलं. आपलीच लाज वाटली, आणि या एवढ्याशा जिवाची दया आली. पण रडायलाही ही वेळ बरी नव्हती.

"आत्ता कितवा चाललाय?"

"अठराचा."

बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन दारात आल्या. शेजारच्या वर्गावर चित्रकलेचे सर होते. "सर, माझ्या वर्गाकडे बघा हो जरा!" बाई ओरडल्या. "आम्ही दोघी एकीला जाऊन येतो!"

इकडे वर्गात हशा पिकला, तिकडे सरांच्या वर्गातही पिकला. पिकू दे. व्हरांड्यात पळायचं नाही, हाही बाईंचाच नियम. दोघी व्हरांडाभर पळाल्या.

दोन दारं लागली. बऱ्याच वेळाने दोन्ही उघडली. "हुश्श," आधी बाई म्हणाल्या, मग पिटुकली. एकमेकींकडे बघून दोघींना हसू फुटलं. नळ पिटुकलीला उंच पडत होता. बाईंनी तिला कमरेला धरून उचललं; वजन म्हणून काही नव्हतंच पोरीला. तिने हात धुतले, आणि धुता धुता तिचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"काय झालं गं? बरं वाटलं ना?"

"खूप." पिटुकलीने खाली उतरून ओले हात फ्रॉकला पुसले. "आता रोज सोडणार?"

"रोज. लागेल तेव्हा."

"पण बाई, मग माझे पाढे विसरतील ना."

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. मघापासून आवरलेलं पाणी आता डोळ्यांतून वाहत होतं, आणि ते धरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"विसर, सोन्या," त्या म्हणाल्या. "सगळे विसर."