मधली दोरी

कवंडळ अजून ओलं होतं. प्रभाकर परबने करंगळी कडेला हलकेच लावून पाहिली, तर बोट तांबडं झालं. तेलाच्या कंपनीत सोळा वर्षं काढलेल्या माणसाला तैलरंग सुकायला किती दिवस लागतात एवढं कळू नये, याची त्याला लाज वाटली. बाकीची चित्रं महिन्याभरापूर्वीच झाली होती. तवसं, नारळ, सुपारीचं शिपटं, आंब्याचा टाळ. एकेक वीतभर हार्डबोर्डवर, वर दोरी ओवायला भोक पाडलेलं. रानातलं हे कवंडळ चवीला कडू जहर, पण रंगाने असं तांबडं, की तो तांबडा काही केल्या जमेना. म्हणून ते मागे राहिलं आणि चतुर्थी उजाडली.

आखातात, रिग्गईतल्या त्याच्या खोलीत छताला त्याने लाकडी पट्ट्यांची चौकट टांगली होती. गावाकडे गणपतीच्या डोक्यावर अशी चौकट असते. तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतात आणि माटवी म्हणतात. कुडाळच्या घरी माटवी बांधायचं काम प्रभाकरचं. पण सात वर्षं गणपतीत रजा मिळाली नव्हती, यंदाही दुरुस्तीसाठीचं प्लॅन्टचं शटडाऊन आडवं आलं. शेवटी त्याने माटवीच इथे आणली, रंगवून. गणपती मात्र आणला नाही. घराण्याचा गणपती एकच, तो कुडाळला, दुसरा बसवायचा नाही असा नेम. त्यामुळे चौकटीखाली नुसता पाट होता आणि पाटावर फोन.

नऊच्या सुमाराला श्यामला आली. हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून थेट गणवेशातच, हातात केळ्यांची फणी. ती वेंगुर्ल्याची. आरतीला निदान दोन माणसं असावीत म्हणून प्रभाकरने तिला बोलावलं होतं. तिने माटवी निरखून पाहिली, मान डोलावली, मग भिंतीकडे वळली. भिंतीवर गावची दहा-बारा छोटी चित्रं होती. तांबडा रस्ता, भातशेती, पोफळी आणि टोकाला कौलारू घर.

"दादानू, सगळ्या चित्रांत घर लांबच कित्याक?"

"लांब खंय?"

"बघा मगे. सगळी त्याच एका वळणावरसून. रिक्षेतसून मागे वळान बघल्यासारी."

प्रभाकर बघत राहिला. सात वर्षं दर शुक्रवारच्या सुटीत तो ही चित्रं काढत आला होता आणि हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "चाय घेतस?" असं म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

साडेनऊला, म्हणजे तिकडे बारा वाजता, त्याने फोनच्या प्रीपेड कार्डावरचे आकडे दाबून नंबर लावला आणि फोनचं स्पीकरचं बटण दाबलं. फोन रसिकाने, त्याच्या मुलीने उचलला. बायको-मुलीला गावी ठेवून तो पहिल्यांदा एकटा इकडे परतला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता बारावं सरलं होतं. यंदाची माटवी काकाला हाताशी घेऊन आपण बांधली, हे तिने एका दमात सांगून टाकलं. प्रभाकरला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. म्हणजे आता तिथे आपल्यावाचून काहीच अडणार नाही.

"पण बाबा, कवंडळ खंयच गावाक नाय. काका सगळो डोंगर फिरान इलो."

"मगे?"

"काका म्हणता, नसला तरी चलता. पण मी दोरी रिकामीच ठेवलंय. मधली. तुमी बांधतास ती."

प्रभाकरने वर पाहिलं, इथल्या चौकटीचीही मधली दोरी रिकामीच होती.

"तुमी पत्रात लिवलेला ता कवंडळाचा चित्र झाला काय?" रसिकाने विचारलं.

"झाला."

"मगे थंयसर बांधा. तुमी बांधल्याबिगर मी आईक आरती सुरू करूक देवचंय नाय."

प्रभाकर स्टुलावर चढला. चित्र हातात घट्ट धरल्याशिवाय गाठ बसेना आणि धरलं तर उजवा अंगठा थेट रंगात.

"ओला आसा ओ ता," श्यामला खालून म्हणाली.

त्याने दात आवळून गाठ मारली. मग खाली उतरून फोनकडे वाकला. "बांधलंय," म्हणाला.

"आई, बाबांनी बांधला!" तिकडे रसिका ओरडली. पाठोपाठ घंटा वाजली, झांजा वाजल्या. कुसुमचा आवाज सगळ्यांत वरचा होता. बायकोचा हा आवाज त्याने दोन वर्षांत असा मोकळा ऐकला नव्हता. इकडे ही दोघं टाळ्या वाजवू लागली. एवढ्यात, दुसरी आरती अर्ध्यावर असताना, कार्ड संपलं. फोन नुसता टूं टूं करू लागला.

श्यामला थांबली नाही. तिने फोन बंद केला आणि पुढचं कडवं स्वतःच उचललं. घोगऱ्या आवाजात प्रभाकरही म्हणू लागला. आरती संपल्यावर तिने वाकून पाटाला नमस्कार केला. पाटावर मुका झालेला फोन होता.

एक केळं खाऊन ती झोपायला निघून गेली. प्रभाकरने वर पाहिलं. कवंडळावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघन् रेघ दिसत होती. त्याने ब्रश उचलला आणि परत ठेवला. हात पुसायला टर्पेंटाइनची बाटली उघडली, तिलाही बूच लावून टाकलं.

दोन वाजता तो ड्यूटीवर गेला. रजिस्टरात सही केली, शिफ्टमधल्या माणसांबरोबर दोनदा चहा प्यायला. पेला त्याने मुद्दाम उजव्या हातात, तांबडा अंगठा दिसेल असा धरला होता. रात्री शिफ्ट सुटेपर्यंत त्याला कुणी काही विचारलं नाही.