पाहिलं तेवढंच लिहा

"गाइडमधलं नको, डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहा," असं खरातबाई चौथीच्या पोरांच्या कानीकपाळी ओरडत. आज निबंध होता 'आमच्या बाई'.

रेशमा वाचायला उठली. "बाई लिहितात तेव्हा एक मुलगी शेजारी चवड्यांवर उभी राहते. जीभ बाहेर काढून डाव्या हाताने फळा पुसते."

"हे मनचं घुसडलंस!" बाई हसल्या.

"नाही बाई, आम्हालाही दिसते," अख्खा वर्ग म्हणाला.

बाईंच्या हातातला खडू गळून पडला. त्यांची डावखुरी लेक मनवा जाऊन वर्ष झालं होतं. चित्र काढताना तिची जीभ अशीच बाहेर यायची.

"फ्रॉकचा रंग नाही लिहिलास," बाई कशाबशा म्हणाल्या. "केसही राहिले. नीट बघून लिहा सगळे."

पोरांनी बाईंच्या पदराशी पाहिलं आणि पेन्सिली उचलल्या.