पळणारी नको

पोलिओ झाल्यापासून माझा धाकटा भाऊ मुकुंदा दिवसभर अंगणातल्या खाटेवरच असायचा. त्याला कोंबडी पाळायची होती, आणि निवड चक्क माझ्यावर सोपवली होती! मंगळवारी बाजारात पांढरी लेगहॉर्न जातीची कोंबडी मी लगेच नापास केली, हात लावताच ती पार बाजाराबाहेर लावलेल्या सायकलींपर्यंत उडाली. गावठी टोचरी निघाली. तांबडी ऱ्होड आयलंड मात्र माझ्या कुशीत डोळे मिटून बसली.

"पळणारी घे वं पोरी, अंडे जास्त देते," कोंबडीवाली मावशी म्हणाली.

"अंडे नको मावशी. आमच्या मुकुंदाले तिच्यामागं धावता येत नाही."

रुबाबात घरी येऊन मी ती त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं तिला कुरवाळलं आणि खाली सोडलं. ती खाटेपाशीच बसून राहिली.

"ताई, ही काहून पळत नाही?"

"मुद्दाम तशीच निवडली! तुले सोडून कुठंच नाही जाणार."

संध्याकाळी बाहेर पोरांची लगोरी रंगली होती. मुकुंदा खाटेवरून वाकून कोंबडीला हळूच ढकलत होता, "पळ ना वं. तुहे पाय त चांगले आहेत."