वेळेआधीची घंटा

मधल्या सुट्टीला अजून बावीस मिनिटं होती, आणि मावशी जिन्याखाली घंटेची दोरी हातात धरून उभी होती. दोरीशी तिचं आत्ता काहीच काम नव्हतं. पाण्याची टाकी भरायची होती, खडूचे डबे वर पोचवायचे होते. पण पाय निघत नव्हता.

शाळेत शिपाई म्हणून लागून तिला अकरा वर्षं झाली होती. मुलं, त्यांचे आईबाप, सर, बाई, सगळे तिला मावशीच म्हणत. समोरचा न्हावी तिच्या घंटेवर आपलं घड्याळ लावायचा. दरवर्षी पहिल्या दिवशी फाटकाला लोंबकळणाऱ्या आयांना हुसकावायचं कामही तिचंच. "जा हो घरी, आत काय वाघ बांधलेत?" असं त्यांना ऐकवायची, आणि नंतर शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या रडव्या तोंडांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. आज मात्र तिनं कुणालाच हुसकावलं नव्हतं. आज पहिलीच्या वर्गात तिची स्वतःची लेक, ठकी, बसली होती.

मोठ्या बाईंनी कालच बजावलं होतं, "मावशी, आठवडाभर पहिलीकडे फिरकायचं नाही. तुम्ही दिसलात की पोर वर्गात बसणार नाही."

"छे हो बाई, मी कशाला जातेय?" मावशी म्हणाली होती.

ती गेली नव्हती हे खरं. पण तिचे कान केव्हाच तिकडे जाऊन बसले होते.

व्हरांड्याच्या टोकाकडून रडणं येत होतं. आधी बारीक, मग चांगलं भोकाड. दर दोन हुंदक्यांनंतर एक उचकी. ठकीच ती, ठकीला रडता रडता अशीच उचकी लागते. शाळेतल्या शेकडो पोरांचं रडणं ऐकलेली बाई. तिला स्वतःच्या पोरीचं ओळखू येणार नाही? पाणी तरी दिलं असेल का कुणी? पहिलीच्या बाई नव्या, त्यांना काय कळणार. शू लागली असेल आणि सांगायला लाजत असेल. की सांगितलं असेल आणि कुणी ऐकलंच नसेल? मावशीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग रडणं एकदम थांबलं.

हे तर जास्तच वाईट. रडणारं पोर निदान श्वास घेतंय एवढं तरी कळतं.

मावशीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अठरा मिनिटं. पहिलीकडे फिरकणार नाही असा शब्द तिनं दिला होता, आणि तो तिनं पाळला. तिनं दोरी ओढली.

तिसरीतला पाढा अर्ध्यावर तुटला. सातवीचे सर खडूसकट बाहेर आले, त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि घड्याळ कानाला लावलं. समोर न्हाव्यानं गिऱ्हाइकाला तसंच फेसात ठेवून भिंतीवरचे काटे पुढे सरकवले. मुलांनी मात्र काही विचारलं नाही. मुलं सुट्टीच्या घंटेबद्दल कधी शंका घेत नाहीत.

व्हरांडा भरून वाहायला लागला. मावशी गर्दीत टाचा उंचावून पहिलीच्या दाराकडे बघत होती. एकेक पोर बाहेर पडत होतं आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं.

ठकी सगळ्यात शेवटी आली. नाकाला खडू लागलेला, डोळे कोरडे ठणठणीत. तिनं एका मुलाला मनगटाला धरून ओढत आणलं होतं. त्याचा चेहरा रडून रडून लाल झाला होता आणि त्याला उचकी लागली होती.

मावशी खाली बसली. हात आपोआप पसरले गेले.

ठकीनं त्या हातांत त्या मुलाला उभं केलं. "मावशी, ह्याला त्याची आई पाहिजे."

"अगं ठके, आईला मावशी काय..."

"बाईंनी सांगितलंय, कुणी रडलं की मावशींकडे न्यायचं." ठकीनं हात फ्रॉकला पुसले. "जाऊ मी? घसरगुंडीला रांग लागलीय."

आणि ती गेलीसुद्धा. मावशीनं त्या मुलाला कडेवर उचललं. तो परका मुलगा तिच्या गळ्याला घट्ट बिलगला, आणि तिचा हात सवयीनं त्याच्या पाठीवरून फिरत राहिला.

गर्दीतून वाट काढत मोठ्या बाई आल्या. "मावशी, घड्याळ बंद पडलं का?"

"नाही बाई. घड्याळ बरोबर आहे."

"मग हे काय?"

"मला वाटलं, माझी रडतेय."

मोठ्या बाईंनी तिच्या कडेवरच्या मुलाकडे पाहिलं, मग मैदानाकडे. घसरगुंडीच्या रांगेत ठकी पुढच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगून खिदळत होती.

"रडतच नाहीये ती," मावशी म्हणाली. कुणाची तरी चहाडी करावी तशी.

मोठ्या बाई रागावणार होत्या. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण त्यांनी नुसतं त्या मुलाला आपल्याकडे घेतलं आणि म्हणाल्या, "परत घंटा द्या. आत जाऊ देत सगळे."

मावशी जिन्याखाली गेली. दोरी धरून तिनं थोडा वेळ काढला. शिडीवर आता ठकीचाच नंबर होता. ती वर चढली, बसली, दोन्ही हात वर करून घसरत खाली आली. तेवढं होऊ दिलं मावशीनं.

मग तिनं पहिला ठोका दिला. ठकी लगेच उठली आणि मागं वळून न बघता वर्गाकडे पळत सुटली. तिला हाक मारावी असं मावशीला फार वाटलं. तिनं दुसरा ठोका दिला.