चाळणीखालच्या तिसऱ्या

“केसर, हात घाल गो इथं. चिखल नाय, नुसत्या तिसऱ्या हायत.”

सुनेला हाक मारताना सुंद्राबायच्या आवाजात लहान पोरीचा हुरूप होता. शिंपल्यांतल्या या तिसऱ्या पिल्लांसकट उपसून रिकामी केलेली खाडी गावानं दोन पावसाळे हात न लावता सोडली होती. आज ओहोटीला बाया पाट्या घेऊन उतरल्या, तर काठावर टेंपो हजर.

“बारीकसारीक सगळं टाक गो मावशे, हाटेलवाले काय सोडत नाय,” टेंपोवाला म्हणाला.

सुंद्राबाय भान हरपून ओंजळीवर ओंजळ भरू लागली.

“आत्ये, चाळण,” केसर म्हणाली. चाळणीतून पडेल ते खाडीचं, असं गावात ठरलं होतं.

“एक दिस ऱ्हाऊ दे गो,” म्हणत सुंद्राबायनं मूठ उघडली. तळहातावर तुरीच्या दाण्याएवढी तिसरी इवली जीभ बाहेर काढून चिखल शोधत होती. सुंद्राबायला गुदगुल्या झाल्या. हसत तिनं हात पाण्यात बुडवला, तशी ती सुळकन खाली शिरली.

मग तिनं सगळी पाटी चाळणीत ओतली आणि लेकराला न्हाऊ घालावं तशी चाळण पाण्यात हलवली.

“टेंपो अर्धा रिकामाच की,” टेंपोवाला कुरकुरला.

“रिकामा कसा? अर्धा खाली वाढतोय. दिवाळी झाली की ये न्यायला.”