दोन इंचांची हरकत

ती अजून पाण्यात उतरलीही नव्हती, तरी टाळ्या सुरू झाल्या. लाऊडस्पीकरवरच्या गृहस्थाने तिच्या सरावाबद्दल चकार शब्द काढला नाही. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये बसवलेले अठरा स्क्रू मात्र घरचे दागिने दाखवावेत तसे कौतुकाने सांगितले.

या टाळ्यांचा तिला मनापासून तिटकारा होता. कणा वाकडा होता तेव्हा हेच लोक नजर चुकवायचे. तो सरळ केल्यापासून त्यांना उठसूट भरून येत होतं. ऑपरेशननंतर ती तीन स्पर्धांत पोहली, तिन्हींत शेवटची आली आणि तिन्ही वेळा ‘जिद्द पुरस्कार’ घेऊन घरी गेली. ते चषक तिने माळ्यावर फेकले होते. आज तिला पुरस्कार नको होता. राज्याच्या संघात शंभर मीटर बॅकस्ट्रोकसाठी एकच जागा होती आणि ती तिला हवी होती.

शेजारच्या लेनमध्ये गेल्या वर्षीची विजेती होती. तिची आई म्हणजे क्लबच्या सेक्रेटरीबाई. त्या दर स्पर्धेत हिच्या गालावरून हात फिरवायच्या. आजही फिरवला.

“हरणं-जिंकणं काय गं बाळा, तू उतरलीस हेच खूप.”

बाईंना दया करायला काही तोशीस पडत नव्हती. त्यांची मुलगी जिंकतच होती.

शिट्टी झाली. पहिल्या पन्नास मीटरनंतरचं वळण तिने वाईटच घेतलं, कारण सळया घातलेली पाठ गोळा होत नाही. ती तिसरी होती. मग मात्र ती खांद्यांच्या जोरावर असं पाणी मागे सारत गेली की डोळ्यांवरचं छत कधी सरलं ते तिला कळलं नाही. भिंतीला तिचा हात बोटभर आधी लागला. या वेळी टाळ्या जरा जपूनच पडल्या.

दहा मिनिटांत पंचांच्या टेबलावर सेक्रेटरीबाईंचा अर्ज आला. ‘ऑपरेशनमुळे सदर स्पर्धकाची उंची दोन इंचांनी वाढली असून ही वाढ नैसर्गिक नाही. तरी निकाल रद्द करावा.’ खाली झोकदार सही होती.

पंचांनी तिला बोलावून बाईंसमोरच अर्ज वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट फार बरं वाटलं.

“बाई, उंचीचा असा काही नियम नाही,” पंच म्हणाले. “जागा हिचीच.” त्यांनी अर्ज परत घेतला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला. बाई दुसरीकडे पाहू लागल्या.

“फाडू नका सर, मला द्या तो.”

“तुला कशाला गं?”

“ऑपरेशननंतर मला घाबरलेल्या या पहिल्याच.”