आमच्या गल्लीतला

शोएब दोरांच्या पुलावर मधोमध अडकला, तो उन्हाळी शिबिराचा आठवा दिवस होता. खाली जाळी होती, कमरेला पट्टा होता, पडायची भीती काडीची नव्हती. पण हे पायांना कोण सांगणार? अकरा वर्षांच्या शोएबचे पाय जे लटपटायला लागले ते थांबेनात.

खाली त्याचे निगडीतले नवे मित्र खिदळत होते. पहिल्या दिवशी यांनीच रिझवानकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हा कोण रे? नखं बघ त्याची, नुसतं ग्रीस!"

रिझवान शोएबचा सख्खा मोठा भाऊ. दहावीची परीक्षा देऊन तो पिंपरीत अब्बांच्या गॅरेजमध्ये काम शिकत होता. शिबिराची हौस त्याला कुठली? धाकट्याला एकटं वाटू नये म्हणून त्याने मोठ्या मुलांच्या गटात नाव घातलं होतं. आणि धाकट्याने काय करावं? "आमच्या गल्लीतला आहे," असं सांगून मोकळा झाला. मग ती थाप सांभाळणं आलं. बसमध्ये रिझवान त्याच्यासाठी जागा धरायचा, हा न बघितल्यासारखं करून मागे जाऊन बसायचा. रिझवानने एकदाही त्याला जाब विचारला नाही.

पूल पुन्हा हलला आणि शोएबच्या तोंडून घरचा शब्द निसटला.

"भाईजान!"

रिझवान शिडीवर चढलाही होता. दोर धरत तो जवळ आला, शोएबचं मनगट पकडलं आणि हळूच म्हणाला, "नीचे मत देख. मेरेकू देख." एकेक पाऊल टाकत त्याने त्याला पलीकडे नेऊन खाली उतरवलं.

मित्र धावत आले. आता कुणी हसत नव्हतं. त्यातल्या रणजीतने रिझवानलाच विचारलं, "तू याचा भाऊ आहेस?"

आता खरं सांगून टाकायचं, शोएबने ठरवलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण रिझवानने एकवार त्याच्याकडे बघितलं आणि तोच आधी बोलला.

"नाय रे भावा. आमच्यात थोरल्या पोरांना सगळेच भाईजान म्हणतात. मी याच्या गल्लीतला."

शोएबला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.